तुमचा प्रश्न : सेलमधले दोन गेम, आधी कुठला?

प्रश्न : दादा, सेलमध्ये 'विचर ३' आणि 'हॉलो नाइट' दोन्ही घेतले, 'हेडीस' नुकताच संपवलाय, रोज रात्री जेमतेम तासभर मिळतो, आधी काय लावू?

उत्तर : डोळे झाकून हॉलो नाइट लाव! हेडीसमधल्या वेगवान मारामारीमुळे हात चांगला बसलाय तुझा, इथेही तसंच लढायचंय, तो वाया घालवू नकोस. नवीन भागात गेलास की नकाशाच नसतो, मग जमिनीवर विखुरलेले कागद दिसतात, कुणीतरी गुणगुणतंय असं ऐकू येतं, त्या आवाजामागे गेलं की कॉर्निफर नावाचा नकाशेवाला भेटतो आणि तो नकाशा विकतो, मला तर हे फार म्हणजे फारच आवडतं. फक्त मेलास तर पैसे तिथेच राहतात, परत जाऊन आपल्याच सावलीला मारून सोडवायचे, त्याआधी पुन्हा मेलास की गेले.

विचर ३ सुट्टीसाठी ठेव, तासातासाने खेळून गोष्टीची मजा जाते, त्यातलं ब्लडी बॅरन नावाच्या सरदाराचं प्रकरण तरी एका दमात खेळच. त्यानंतर पुण्यात बनलेला 'राजी' (२०२०) घे, छोटा आहे, आपल्याकडचा आहे. आणि स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतलेला गेम नाही आवडला तर १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर रिफंड मिळतो.