सिलेंडर बाहेर, शेगडी आत

प्रश्न : माझी खानावळ आहे. रोज सत्तर-ऐंशी डबे जातात. स्वयंपाकघरातच १९ किलोचे दोन सिलेंडर आणि दोन भट्ट्या आहेत, उभं राहायला जागा उरत नाही. सिलेंडर मागच्या बोळात ठेवून पाइपने गॅस आत घ्यायचा विचार आहे. आमचा प्लंबर म्हणतो, ‘पाण्याची लाइन काय नि गॅसची काय, एका दिवसात जोडून देतो.’ करून घेऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सिलेंडर बाहेर काढताय हे झकास. प्लंबरला मात्र चहा पाजून परत पाठवा. पाण्याच्या जोडाला सूत आणि सफेदा लावतात. सूत भिजून फुगतं, म्हणून गळती थांबते. गॅस कोरडा, त्यात सूत फुगणार कशाने? गॅसची कामं करता करता माझे केस पिकले, आणि असे ‘एका दिवसातले’ जोड मी किती उकलले याची गणती नाही. एजन्सीकडून अधिकृत फिटरच बोलवा.

आधी बोळात जाऊन गटार कुठे आहे ते बघा. आपला गॅस हवेपेक्षा जड, पाण्यासारखा उतार धरून वाहतो. एका हॉटेलात वास मोरीतून यायचा आणि मालक मोरीत फिनेल ओतत बसले होते! गळका व्हॉल्व्ह होता बाहेर, गटाराच्या जाळीशेजारी. सिलेंडर उंच ओट्यावर, उभे, वर पत्रा आणि पुढे जाळीचं दार, म्हणजे वारा खेळता राहील.

दोन चालू, दोन राखीव असा मॅनिफोल्ड, म्हणजे सगळे सिलेंडर एकाच पाइपला जोडणारी जोडणी, करून घ्या. चारांचे ७६ किलो झाले. परवान्याशिवाय एकूण १०० किलोपर्यंतच साठा ठेवता येतो, त्यामुळे पाचव्यावर थांबा. दोन भट्ट्या एकाच सिलेंडरवर दामटल्या की त्याच्या अंगावर बर्फ धरतो, ज्योत मंदावते. मग आचारी गरम पाणी ओततो, नाहीतर सिलेंडर आडवा करतो. आडव्या सिलेंडरमधून वायूऐवजी द्रवरूप गॅस लाइनीत घुसतो आणि भट्टीतून भडका उठतो. माझ्या डाव्या भुवईचा अर्धा भाग असाच गेलाय, परत काही नीट उगवला नाही.

भिंतीतून पाइप नेताना आधी मोठ्या पाइपचा तुकडा बसवा, त्यातून गॅसचा पाइप ओवा. प्लास्टरमध्ये गाडू नका, जोड डोळ्यांना दिसले पाहिजेत. गॅस सोडण्याआधी लाइनीत हवा भरून प्रेशर गेज लावायला सांगा आणि समोर उभ्या राहा. काटा खाली आला तर पैसे देऊ नका. नंतर प्रत्येक जोडावर साबणाचा फेस ब्रशने लावून बुडबुडे बघायचे. काडी ओढून तपासणारा फिटर दिसला तर त्यालाही चहा पाजा.

आतला मुख्य व्हॉल्व्ह दाराजवळ हवा, भट्टीच्या मागे नको. त्याच्या वर १९०६ हा गॅसगळतीचा नंबर रंगवून घ्या. फोन मात्र बाहेर जाऊन करायचा.