आनंद पटवर्धनांचे शहरी गरिबीवरचे माहितीपट कोणत्या क्रमाने पाहावेत?

आधी 'बॉम्बे: अवर सिटी' (१९८५), मग 'जय भीम कॉम्रेड' (२०११). हा क्रम उलटा करू नका, कारण दुसऱ्याचं मूळ पहिल्यात आहे.

पहिला मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर आहे. त्यात एका बाजूला झोपड्या हटवू पाहणारे अधिकारी आणि सुखवस्तू नागरिक बोलतात, दुसऱ्या बाजूला घर गमावणारे. वरून समजावणारं निवेदन फारसं नाही, दृश्यांची जोडणीच अर्थ सांगते. एक बाई कॅमेऱ्यालाच सुनावते, की आमचे फोटो काढून नाव तुमचं होणार. पटवर्धनांनी ते कापलं नाही, आणि माझ्या मते चित्रपटाचा कणा तोच. दूरदर्शनवर दाखवण्यासाठी मात्र न्यायालयात भांडावं लागलं.

याच चित्रपटात शाहीर विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिस गोळीबारात १० जण गेले; काही दिवसांत घोगऱ्यांनी आत्महत्या केली. 'जय भीम कॉम्रेड' तिथून सुरू होतो. चित्रण १४ वर्षं चाललं, लांबी सुमारे तीन तास. घाईत पाहिलात तर शाहिरी जलसे नुसती गाणी वाटतील. शब्द नीट ऐका.