कोणत्या निवेदनावर सही करावी?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. पवईकडच्या, स्वतःला 'प्रोग्रेसिव्ह' म्हणवणाऱ्या एका खासगी शाळेत आपली मुलगी चौथीत आहे. 'माझे शहर' या प्रकल्पात वर्गात स्थलांतर आणि झोपडपट्ट्या यांवर चर्चा झाली, मुलांनी फलक रंगवले आणि त्यांचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. त्यानंतर 'शाळा मुलांना डावे विचार पाजते आहे' असे एक निवेदन आणि 'शाळेने दबावापुढे झुकू नये' असे दुसरे निवेदन सह्यांसाठी फिरू लागले. शनिवारी सभा आहे. सही कोणत्या निवेदनावर करावी, की मुलीला सरळ दुसऱ्या शाळेत घालावे, असे आपण विचारले आहे. माझी दोन्ही मुले अशाच एका शाळेत शिकली आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत माझे नाव सोडतीत दोनदा निघाले, मोठ्याच्या वेळी एकदा आणि धाकटीच्या वेळी पुन्हा एकदा. त्या अनुभवावरून सांगतो की, आज कोणत्याच निवेदनावर सही करू नका. शाळा बदलण्याचा विचार तर इतक्यात नकोच.

या भांडणातला निम्मा गोंधळ एका शब्दाने केलेला आहे. मराठीत 'प्रयोगशील शाळा' आणि 'पुरोगामी विचार' असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला शब्द शिकवण्याच्या पद्धतीविषयी आहे: घोकंपट्टी नको, मुलाने हाताने करून पाहावे, शिक्षकाला प्रश्न विचारता यावा. दुसरा समाजाविषयीच्या भूमिकेचा आहे. इंग्रजी माहितीपुस्तिकेत या दोहोंसाठी 'प्रोग्रेसिव्ह' हा एकच शब्द छापला जातो आणि प्रवेश घेताना प्रत्येक पालक त्यातून आपल्याला हवा तो अर्थ उचलतो. कोणी परीक्षेचा ताण नको म्हणून येतो, कोणी आपल्या घरातले राजकीय संस्कार शाळेतही मिळतील या आशेने येतो. दोघेही तीच फी भरतात आणि चौथी-पाचवीपर्यंत आपण दोन वेगवेगळ्या गोष्टी विकत घेतल्या आहेत, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. शाळाही ते कधी स्पष्ट करत नाही, कारण संदिग्धतेत प्रवेश भरतात.

अर्थात हे दोन शब्द एकमेकांपासून अगदी तोडताही येत नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले, तेव्हा त्यांचा विषय बालशिक्षणाची पद्धत हा होता. पुढे १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, मग काम तिथल्याच कोसबाडला गेले आणि मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली गेली. मुलाला केंद्रस्थानी ठेवायचे असे एकदा ठरले की 'कोणाच्या मुलाला?' हा प्रश्न आपोआप येतो आणि तो राजकीय असतो. त्यामुळे 'शाळेत राजकारण नको' ही मागणी शब्दशः पाळता येण्यासारखी नाही. मात्र तिच्यामागची तक्रार खोटी असते असेही नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

मोठा मुलगा पाचवीत असतानाची गोष्ट आहे. शाळा लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या सावलीत. परिसर अभ्यासात गिरणगावावर प्रकल्प होता आणि मुलांना ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत नेले होते. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, बाहेरचे सामाईक संडास, लांबलचक बोळ, हे सारे मुलांनी वहीत काढून आणले. दोन दिवसांत ग्रुपवर आग लागली. एका बाजूला 'हा समाजवादी प्रचार आहे', दुसऱ्या बाजूला 'मुलांना चाळ दाखवल्याने कोणाच्या पोटात दुखते?' मी दुसऱ्या बाजूचा होतो आणि शिक्षिकेच्या समर्थनार्थ दीड पानी पत्र लिहून त्यावर एकेचाळीस सह्याही जमवल्या होत्या. सभा शिशुवर्गाच्या खोलीत झाली. तिथल्या बुटक्या खुर्च्यांवर सगळे मोठे लोक गुडघे छातीशी घेऊन बसले होते, त्यामुळे आवाज चढवताना प्रत्येकाला आधी तोल सावरावा लागत होता. तेवढ्यात विरोधी बाजूच्या एका वडिलांनी वर्कशीटची झेरॉक्स काढली आणि तिसरा प्रश्न मोठ्याने वाचला: 'गिरणीमालकांनी कामगारांवर अन्याय का केला?' मग ते शांतपणे म्हणाले, "हा प्रश्न नाही, हा निकाल आहे. माझ्या मुलाने फक्त कारणे भरायची आहेत."

ते वर्कशीट मी तोवर पाहिलेच नव्हते. पत्र मात्र लिहून झाले होते.

गिरणगावाचा इतिहास शिकवणे योग्यच होते. मुंबईत राहणाऱ्या मुलाला १८ जानेवारी १९८२ ही तारीख ठाऊक नसावी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते हे त्याने कधी ऐकलेही नसावे, हे मला आजही पटत नाही. पण त्या वडिलांचा आक्षेप विषयावर नव्हता, प्रश्नाच्या घडणीवर होता आणि तो बरोबर होता. शिक्षिकेने तो त्याच सभेत मान्य केला, आम्हा समर्थकांपेक्षा कितीतरी सहजपणे. पुढच्या आठवड्यात नवा प्रश्न आला: 'संप का झाला, किती काळ चालला आणि कसा संपला, हे तीन माणसांना विचारा, तिन्ही माणसे एकाच घरातली चालणार नाहीत.' माझ्या मुलाने आमच्या इमारतीचे लिफ्टमन, एका गिरणीच्या हिशेब खात्यात नोकरी केलेले माझे मामा आणि मंगलदास मार्केटातले एक कापड व्यापारी, अशा तिघांना गाठले. कारणे तीन मिळाली, ते अपेक्षितच होते. पण संप कधी संपला याचीही तीन उत्तरे आली, तेव्हा मुलगा गडबडला. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, हे कळल्यावर वर्गात त्यावर आणखी दोन तास चर्चा झाली. असे तास कोणत्याही निवेदनाने मिळत नाहीत.

म्हणून आपण आधी मुलीची वही पाहावी. फलकावर काय लिहायचे ते मुलांनी ठरवले की शिक्षकांनी सांगितले? झोपडपट्ट्यांविषयीच्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले आहे का? एखाद्या मुलाने वेगळे मत मांडले असेल तर वर्गात त्याचे काय झाले? ग्रुपवर फिरणारा फोटो या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर देत नाही.

आणखी एक फरक मला उपयोगी पडला आहे: मुलाला काही ऐकावे लागणे वेगळे आणि मुलाला काही करावे लागणे वेगळे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात केरळमधली तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. उजवीकडच्या पालकाला हा निकाल आवडत नाही आणि डावीकडच्याला तो फक्त स्वतःच्या सोयीच्या वेळी आठवतो. पण कसोटी दोघांनाही सारखीच लावली पाहिजे. वर्गात स्थलांतरावर चर्चा ऐकणे हे शिक्षण आहे; एखाद्या मागणीचा फलक हातात देऊन मुलांना फाटकाबाहेर उभे करणे ही सक्ती आहे, मग ती मागणी कितीही न्याय्य असो.

आता ज्या गोष्टींवर आपल्या ग्रुपवर बहुधा एकही संदेश नसेल, त्यांकडे वळतो.

धाकटीच्या वेळी शाळेने एक परिपत्रक काढले: वर्ग वातानुकूलित असल्याने वास कोंडतो, तरी डब्यात फक्त शाकाहारी पदार्थ द्यावेत. वरळी कोळीवाड्यातला एक मुलगा तिच्या वर्गात होता. बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी असा त्याचा डबा ताईंनी झाकण लावून बाहेर नेला आणि त्याने तो जिन्याजवळ बसून खाल्ला. ज्या शाळेत आठवड्याला एक तास 'विविधतेचा आदर' या विषयासाठी राखलेला होता, त्याच शाळेतली ही गोष्ट. सभेत राज्यघटनेची उद्देशिका उद्धृत करणारे आमच्या बाजूचे लोक 'वासाचा प्रश्न व्यावहारिक आहे' असे म्हणून मोकळे झाले, आणि मातीशी, परंपरेशी नाते सांगणारे दुसऱ्या बाजूचे लोकही, या शहराचे मूळ रहिवासी कोण हे विसरून, गप्प बसले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही गट त्या परिपत्रकावर एकत्र होते. त्या मुलाची आई उभी राहिली आणि तिने एकच विचारले, "मग वाढदिवसाला अंड्याचा केक कसा चालतो?" कोणाकडेच उत्तर नव्हते. समितीत बराच काथ्याकूट होऊन शेवटी वर्गाऐवजी खालच्या जेवणघरात कोणताही डबा खायला मुभा मिळाली. परिपत्रक मात्र मागे घेतले गेले नाही, ते नुसते विसरले गेले.

दुसरी गोष्ट पंचवीस टक्क्यांची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना यातून सूट आहे. आपली शाळा कोणत्या प्रकारात मोडते, हे आपण एकदा विचारून घ्यावे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघातल्या खासगी शाळांना या बंधनातून मोकळे केले आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. माझी मुले तोवर शाळेबाहेर पडली होती, पण ग्रुपमधून मला कोणी काढले नव्हते. एका फलकावरून चार दिवस भांडणाऱ्या त्या ग्रुपवर फेब्रुवारी ते जुलै या विषयावर एक ओळही उमटली नाही. मराठीचेही तेच. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हा 'आमच्या मुलांना यातून सवलत मिळेल का' या प्रश्नावर डावे-उजवे असा काही भेद राहिला नव्हता. हा थोडा विषयांतराचा मुद्दा झाला, पण तो लिहिल्यावाचून राहवले नाही.

मला वाटते, आपल्या शाळेतली मूल्ये शोधायची असतील तर ती सह्यांच्या यादीत कोण नाही यावरून शोधावीत. आपण लिहिले आहे की, दोन्ही निवेदने इंग्रजी गूगल फॉर्मवर आहेत. पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलांच्या घरी ती पोहोचली आहेत का? ज्या वस्तीची चित्रे मुलांनी फलकावर काढली, त्या वस्तीत राहणारे एखादे मूल त्याच वर्गात असेल, तर ते फलक रंगवताना कुठे बसले होते? आमच्या वेळी हा प्रश्न मी विचारला नाही, याची मला आजही खंत आहे.

समितीविषयी थोडेसे. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याने पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती बंधनकारक केली आणि पालक सदस्य सोडतीने निवडले जातात, ही त्यातली फार शहाणपणाची तरतूद आहे. निवडणूक असती तर दोन्ही पॅनेलनी जाहीरनामे काढले असते. समितीचे मुख्य काम फीचे आहे. अभ्यासक्रम काय असावा ते शिक्षण मंडळ ठरवते, त्यामुळे 'हा धडा काढा' असा ठराव समितीला करता येत नाही, पण वर्कशीट पाहायला मागणे कोणत्याही पालकाला शक्य आहे. मुख्याध्यापिकांना दोन ओळींचा ईमेल पुरतो. शिक्षिकेचे नाव ग्रुपवर कोणी घेत असेल तर तेवढे मात्र लगेच थांबवा, कारण निवेदने विसरली जातात आणि तिची नोकरी जाऊ शकते.

मुलीविषयी आपण काळजी व्यक्त केली आहे. नऊ वर्षांच्या मुलीचे विचार एका फलकाने घडत किंवा बिघडत नाहीत, पण आईवडील तिच्या शिक्षिकेविषयी जेवताना काय बोलतात ते तिच्या कानावर नक्की पडते. शाळेविषयीचे बोलणे ती झोपल्यावर करावे.

शनिवारी जाताना प्रकल्पाच्या सर्व वर्कशीटच्या पाच-सहा झेरॉक्स काढून घेऊन जा आणि सभा सुरू होण्याआधी दोन्ही गटांतल्या लोकांना त्या वाटा. आक्षेप कोणत्या पानावरच्या कोणत्या वाक्याला आहे, एवढेच आधी विचारा. ज्यांना पान सापडणार नाही, त्यांना थोडा वेळ द्या. आणि जमले तर शुक्रवारी संध्याकाळी फाटकापाशी थांबून, ग्रुपवर नसलेल्या दोन-तीन पालकांना सभेची वेळ मराठीत किंवा हिंदीत तोंडी सांगा. त्यांच्यापर्यंत ती पोहोचली असेल असे गृहीत धरू नका.