पडला की उठवला, पडला की उठवला: डीएमसाठी (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरसाठी) प्रश्नोत्तरे

प्रश्न : डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा भूमिकांचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. चार खेळाडू, तिसरी लेव्हल. कुणी शून्यावर जाऊन पडलं की क्लेरिक (देवाच्या शक्तीने उपचार करणारं पात्र) ‘हीलिंग वर्ड’ हा उपचाराचा स्पेल (मंत्र) टाकतो आणि तो उठून पुन्हा लढतो. हा स्पेल निम्मा करू का?

नका करू. विस्डम या गुणाचे +३ धरले तर हीलिंग वर्ड सरासरी साडेपाच हिट पॉइंट (पात्राची जीवशक्ती) देतो, ‘क्युअर वूंड्स’ हा उपचाराचा दुसरा स्पेल साडेसात. ओगर या राक्षसाच्या सोट्याचा एक फटका मात्र सरासरी १३ काढतो. म्हणजे उपचार माराच्या मागेच राहतात, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. तुमचं दुखणं वेगळं आहे : १ पॉइंटवरचा फायटर ३० पॉइंटवरच्याइतकीच जोरात तलवार मारतो. मग ६० फुटांवरून, नुसत्या बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य कृतीखेरीजच्या छोट्या कृतीत) उठवता येत असेल, तर पडायच्या आधी उपचारावर स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) कोण खर्च करेल? साडेपाचाचे अडीच केलेत तरी हिशेब तोच.

किंमत पडण्याला लावा. एकाच लढाईत दुसऱ्यांदा शून्यावर गेला की एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी. पहिल्या पडण्यालाच लावू नका. पुढे उभा राहून मार खाणारा फायटर बिचारा उगाच भरडला जातो. तिसऱ्या पातळीपासून हल्ल्यांवर आणि सेव्हवर (संकटातून वाचायच्या फाशावर) डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमीचा धरायचा) येतो आणि एका लाँग रेस्टमध्ये (मोठ्या विश्रांतीत) एकच पातळी उतरते, त्यामुळे खेळाडू आपसूक लवकर उपचार मागू लागतात. दुसरा उपाय नियमांतच आहे : बेशुद्ध पात्राला पाच फुटांच्या आतून लागलेला फटका क्रिटिकल धरतात, म्हणजे डेथ सेव्हची (शून्यावर असताना जगतो की मरतो ते ठरवणाऱ्या फाशाची) दोन अपयशं एकदम. हे करणार असाल तर खेळाडूंना आधी सांगा, नाहीतर भांडण ठरलेलं.

आता खरी गोम. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिककडे सहा स्लॉट असतात, पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्याचे दोन. डीएम गाइड या अधिकृत पुस्तकाचा हिशेब दिवसाला सहा ते आठ मध्यम-कठीण चकमकी आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) असा आहे. आपण एका संध्याकाळी फार तर दोन लढाया उरकतो आणि सेशन संपलं की लाँग रेस्ट देऊन मोकळे होतो. अशाने कुठलाही क्लेरिक श्रीमंतच वाटणार. सेशन संपलं तरी दिवस संपवू नका. उरलेले स्लॉट आणि हिट डाइस (विश्रांतीत हिट पॉइंट परत मिळवायचे फासे) कागदावर लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा. गाइडमधला ‘ग्रिटी रिॲलिझम’ (शॉर्ट रेस्ट ८ तास, लाँग रेस्ट ७ दिवस) प्रवासाच्या कथेला शोभतो, पण विझार्डचा ‘मेज आर्मर’ हा संरक्षक स्पेल आठच तास टिकतो आणि त्याचा स्लॉट मात्र आठवड्याने परत येतो. विझार्ड कुरकुरणार.

प्रश्न : आमच्याकडे क्लेरिकच नाही. उपचाराचे पोशन (औषधी पेय) वाटू का?

थोडे. साधं पोशन २डी४+२ (चार बाजूंचे दोन फासे, अधिक २), सरासरी ७. किंमत ५० सोन्याची नाणी आणि प्यायला अख्खी ॲक्शन. फीट (पात्राने निवडायची खास कौशल्यं) चालत असतील तर एकाला ‘हीलर’ घ्यायला सांगा : पाच नाण्यांच्या उपचार-किटमधला एक वापर आणि १डी६+४ अधिक रुग्णाच्या हिट डाइसची एकूण संख्या. तिसऱ्या लेव्हलला सरासरी साडेदहा, तेही स्लॉटशिवाय. एका पात्राला एका रेस्टदरम्यान एकदाच, एवढीच अट.

प्रश्न : लाइफ क्लेरिक आणि ड्रुइड असं दुहेरी पात्र ‘गुडबेरी’ हा बरं करणारी बोरं बनवणारा स्पेल टाकतं, त्यातून ४० पॉइंट निघतात. बंद करू?

दहा बोरं, प्रत्येकी १ अधिक लाइफ क्लेरिकचे जादा ३. २०१४च्या नियमांत बसतं. लढाईत एक बोर खायला एक ॲक्शन जाते, त्यामुळे तिथे धोका नाही. रेस्टमधले हिट डाइस वाचतात, ते तेवढे खुपतात. २०२४च्या आवृत्तीत जादा पॉइंट स्पेल टाकलेल्या टर्नपुरतेच मिळतात. तेवढी एक ओळ उचलली की काम भागतं.