लेदर सीट आणि तापलेली गाडी : वाचक विचारतात

ऊन वाढलं की लेदर सीटचे प्रश्न वाढतात, आणि या वेळी इतके आलेत की पूर्ण सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

दादा, नवीन गाडी बुक करतोय. बायकोला बेज सीट हवीत, मला काळी. सेल्समन म्हणतो खऱ्या लेदरच्या भानगडीत पडू नका, लेदरेट घ्या. गाडी दिवसभर ऑफिसबाहेर उन्हात उभी असते. काय करू?

रंगाच्या बाबतीत वहिनींचं ऐका. काळा रंग ऊन शोषतो आणि ते तुम्हाला संध्याकाळी गाडीत बसताना मांडीला कळतं. काही कंपन्या गडद लेदरमध्ये इन्फ्रारेड, म्हणजे उन्हातले उष्णतेचे किरण परतवणारे रंग वापरतात, बीएमडब्ल्यूनं उघड्या टपाच्या गाड्यांसाठी असं लेदर आणलं होतं, पण सरसकट सगळ्या गाड्यांत ते मिळत नाही, त्यामुळे गृहीत धरू नका. अगदी पांढरट बेज लवकर मळतं हेही खरं, म्हणून टॅन किंवा मधला करडा रंग घेतलात तर दोघांचंही समाधान होईल.

आता लेदरेट, म्हणजे नकली लेदर. या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात हे कोणी नीट सांगत नाही. एक पीव्हीसी, म्हणजे आपलं रेक्झिन. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं आणि उष्णतेनं ते हळूहळू बाहेर पडतं, गाडीच्या काचेवर आतून जो तेलकट धुरकट थर बसतो त्यात त्याचाही वाटा असतो, आणि ते निघून गेलं की रेक्झिन कडक होऊन तडकतं. दुसरं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक, हाताला जास्त मऊ लागतं, पण स्वस्तातल्या पीयूला उष्णता आणि दमटपणा एकत्र मिळाला की त्याची रासायनिक बांधणीच तुटते आणि पोपडे सुटायला लागतात. चांगल्या प्रतीचं लेदरेट बरीच वर्षं टिकतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही, फक्त शोरूममध्ये नेमकं काय लावलंय ते विचारा.

आणि मला विचाराल तर तुमच्या वापरात लेदर की लेदरेट यापेक्षा सीट व्हेंटिलेटेड आहे का हे जास्त महत्त्वाचं. छिद्रं असलेलं लेदर आणि खाली पंखा, हे साब या स्वीडिश कंपनीनं १९९७ मध्ये ९-५ गाडीत दिलं तेव्हा नवलाई होती, आता बऱ्याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये मिळतं. ते बजेटात बसत नसेल आणि गाडी रोज उन्हातच राहणार असेल तर चांगलं फिकट कापडी सीटसुद्धा घ्यायला हरकत नाही, त्यात काही कमीपणा नाही, कापडातून हवा खेळते आणि पाठ कमी भिजते.

ब्रोशरमध्ये ‘लेदर सीट’ लिहिलंय. खरंच पूर्ण लेदर असतं का?

बहुतेक वेळा नाही. ज्या भागाला तुमचं अंग टेकतं तेवढं लेदर आणि बाजू, पाठीमागचा भाग, कधी कधी हेडरेस्टसुद्धा रेक्झिन, ही सर्रास पद्धत आहे आणि ब्रोशरच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. वासावर जाऊ नका, वास वरून देता येतो. बोटानं दाबून बघा, खऱ्या लेदरवर बोटाभोवती बारीक सुरकुत्या उमटतात आणि बोट काढल्यावर सावकाश जातात. सीटच्या खाली वाकून कापलेली कडा दिसत असेल तर ती बघा, लेदरची मागची बाजू तंतूंची, लवदार असते आणि लेदरेटच्या मागे विणलेलं कापड दिसतं. एवढ्यावर शंका फिटली नाही तर कुठला भाग कशाचा आहे हे लेखी मागा.

लेदर सुकू नये म्हणून मी दर आठवड्याला कंडिशनर लावते, संपलं की घरातलं तेल चोळते. तरी सीट चकचकीत आणि निसरडी झालीत. काय चुकतंय?

ताई, मेहनत खूप घेताय, पण ती चुकीच्या ठिकाणी चाललीय. आजच्या गाड्यांमधलं बहुतेक लेदर उघडं नसतं. चामडं कमावून झाल्यावर त्यावर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर देतात. तुम्ही लावता ते तेल या थरावरच बसतं, नेलपॉलिशवर तेल चोळून नखाला पोहोचत नाही तसंच. मग ते तिथे राहून धूळ धरतं, उन्हात खवट होतं, शिलाईच्या दोऱ्यात मुरतं.

खात्री करायची असेल तर सीटच्या आडोशाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. गोल राहिला तर वर कोटिंग आहे. आत शिरून डाग गडद झाला तर ते ॲनिलिन प्रकारचं उघडं लेदर, ते फार कमी आणि महागड्या गाड्यांत असतं, त्याला मात्र कंडिशनर खरंच लागतं.

तुमचं कोटिंगवालं असणार. त्याला सगळ्यात जास्त त्रास घामाचा, केसांच्या तेलाचा, सनस्क्रीनचा आणि सॅनिटायझरचा होतो, हे सगळं त्या वरच्या थराला मऊ करतं आणि मग कपड्याच्या घासण्यानं तो झिजतो. हेडरेस्ट, आर्मरेस्ट आणि ड्रायव्हरच्या दाराकडची उंच कड नीट बघा, सगळ्यात जास्त चमक तिथेच असेल. बऱ्याच जणांना ती चमक म्हणजे लेदर छान राखलंय असं वाटतं पण कंपनीतून निघताना सीट बहुतेक वेळा मॅट असतं आणि ती चमक म्हणजे साचलेला मळ. पांढरं फडकं ओलं करून हेडरेस्टवर एकदाच फिरवा, फडक्यावर पिवळट करडा पट्टा येईल.

तेव्हा आधी साफसफाई. गाडी सावलीत आणि सीट गार असताना करा, कारण तापलेल्या सीटवर साबणाचं पाणी पुसायच्या आत वाळतं आणि डाग सोडतं. पहिल्यांदा व्हॅक्यूम, शिलाईच्या खाचेतली वाळू निघेपर्यंत, नाहीतर तुम्ही पुढे जे काही घासाल ते त्या वाळूसकट घासलं जाईल. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब किंवा लेदर क्लीनर, फेस करायचा आणि पाणी नाही तर फक्त फेस मऊ ब्रशनं लावायचा, एका वेळी एकच पॅनेल, लगेच घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्या फडक्यानं. जिथे चमक जास्त तिथे दोन-तीन फेऱ्या लागतील, जोर लावू नका. तुमच्या सीटवर तेल बरंच बसलंय तेव्हा पहिल्या दिवशी सगळं निघणार नाही, चार-पाच दिवसांनी परत करा.

यानंतर तीन-चार महिन्यांतून एकदा पाण्यावर आधारित, यूव्हीपासून (उन्हातल्या अतिनील किरणांपासून) बचाव करणारं प्रोटेक्टंट पातळ लावलं की पुरे. सिलिकॉनचे झगमगाट करणारे स्प्रे बंद. पांढरा मेलामाइन स्पंज जादूसारखा डाग काढतो असं दाखवतात, पण तो बारीक पॉलिश पेपरचं काम करतो आणि डागाबरोबर कोटिंगही नेतो. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर लेदरच्या जवळपासही नको.

दुपारी गाडीत बसताना मुलीला मांडीला चटका बसतो. काच थोडी खाली ठेवली तरी फरक पडत नाही. उपाय सांगा.

फरक पडत नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये हेच मोजलं होतं, बाहेर साधारण २२ अंश असतानाही बंद गाडीतलं तापमान तासाभरात जवळजवळ २२ अंशांनी चढलं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली आणि काच किंचित उघडी ठेवून खास फायदा झाला नाही. म्हणून पाच मिनिटांसाठीसुद्धा मुलांना गाडीत ठेवून जाऊ नका, हे सीटच्या आधी सांगतो.

सावलीनं मात्र फरक पडतो. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांचा २०१८ चा अभ्यास आहे, ३८ अंशांच्या वरच्या दिवसांत तासभर उन्हात उभ्या गाडीचं सीट सरासरी ५१ अंश, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला, सावलीतल्या गाडीचं सीट ४१ वर राहिलं. म्हणजे थोडं लांब लावावी लागली तरी सावली शोधा. ती नसेल तर पुढच्या काचेला चमकदार सनशेड, आणि मुलीच्या सीटवर फिकट सुती टॉवेल टाकून ठेवा, बसवताना काढा. निघताना समोरासमोरची दारं मिनिटभर उघडा, गरम हवा जाऊ द्या, मग एसी. आणि तिच्या सीटबेल्टचं धातूचं बक्कल आधी स्वतःच्या हातानं तपासा, लेदरपेक्षा जास्त चटका तेच देतं.

ड्रायव्हर सीटची फक्त दाराकडची बाजू फिकी पडलीय. पुढून तर ऊन जास्त येतं ना?

ऊन पुढून येतं पण पुढची काच लॅमिनेटेड असते आणि मधला प्लास्टिकचा पडदा यूव्ही अडवतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९ गाड्यांच्या तपासणीत पुढच्या काचेनं सरासरी ९६ टक्के यूव्हीए (यूव्हीचाच एक प्रकार) अडवले, दाराच्या काचेनं सरासरी ७१ टक्के आणि एका गाडीत तर जेमतेम ४४. तुमच्या भागातल्या नियमात बसणारी पारदर्शक यूव्ही फिल्म मिळत असेल तर लावा, नसेल तर गाडी लावताना तोंड आलटून पालटून ठेवा.

व्हेंटिलेटेड सीटच्या छिद्रांत पांढरं काहीतरी घट्ट बसलंय.

ते बहुधा सीटला लावलेलं, वाळलेलं कंडिशनर आहे. कोरड्या मऊ टूथब्रशनं हलवा आणि लगेच व्हॅक्यूम करा. सुई, टाचणी घालू नका, गोळा आत ढकलला जातो आणि छिद्र फाटतं. इथून पुढे कुठलंही द्रव सीटवर थेट मारायचं नाही, आधी फडक्यावर घ्यायचं.

नवीन जीन्समुळे फिकट सीट निळं झालंय.

जितक्या लवकर काढाल तितकं बरं, कारण उष्णतेनं तो रंग कोटिंगमध्ये खोल जातो. वर सांगितलेल्या पद्धतीनं फेस आणि मऊ ब्रश. दोनदा करूनही हलला नाही तर थांबा आणि लेदरचं काम करणाऱ्याला दाखवा, हट्टानं घासलं तर निळा जाईल पण त्याच्याबरोबर सीटचा रंगही जाईल.

लेदर खराब होऊ नये म्हणून वरून जाड कव्हर शिवून घ्यावं असं घरचे म्हणतात.

यावर मी जरा कडक बोलणार आहे. आजकाल बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला साइड एअरबॅग असते. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेला छोटा टॅग शोधा. धडक झाली की ती पापणी लवायच्या आत फुगते आणि त्यासाठी तिथली शिलाई मुद्दाम ठरावीक ठिकाणी फाटेल अशी केलेली असते. त्यावर जाड कव्हर मजबूत दोऱ्यानं शिवून बसवलं तर एअरबॅग अडकू शकते, उशिरा उघडू शकते, भलत्या दिशेला जाऊ शकते. सीटचं लेदर नव्यानं शिवून घेतानाही हाच धोका आहे, म्हणून त्या बाजूचं पॅनेल ज्याला एअरबॅगची शिलाई ठाऊक आहे अशाच माणसाकडे द्या. शिवाय पुष्कळ गाड्यांत ड्रायव्हरशेजारच्या सीटमध्ये माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर असतो, जाड गादीमुळे तोही गोंधळू शकतो.

कव्हर हवंच असेल तर तुमच्याच मॉडेलचं, एअरबॅगसाठी बाजू मोकळी ठेवलेलं. आणि प्लास्टिकचं अजिबात नको, खाली घाम आणि ओल कोंडून राहते.

गाडी महिनाभर बंद होती, सीटवर पांढरी बुरशी आलीय.

दारं उघडून बाहेरच्या मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून साबणाच्या ओलसर फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या, नीट वाळू द्या. मग मॅट उचलून खालचा गालिचा दाबून बघा. तो ओला लागला तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधायला हवं, पुष्कळदा एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते, आणि ते होईपर्यंत बुरशी परत परत येणार.

ड्रायव्हर सीटच्या कडेला तडे गेलेत. पूर्ण सीट बदलावं लागेल का?

बहुधा नाही. नखानं हलकेच चाचपून बघा. तडे फक्त रंगाच्या थराला असतील तर ते साफ करून लवचीक फिलर, मग रंग, मग वरचं कोटिंग असं काम होतं आणि चांगलं टिकतं. आधी सिलिकॉनचं पॉलिश वापरलं असेल तर कारागिराला आवर्जून सांगा, त्यावर रंग धरत नाही. चामडंच फाटून आतला फोम दिसत असेल तर फक्त ते पॅनेल बदलता येतं, सीट तुकड्यांचं शिवलेलं असतं. लेदरेटचे पोपडे निघत असतील तर मात्र रंगवण्यात पैसे घालू नका, शेजारचा भागही सुटणारच असतो, ते पॅनेल बदललेलंच बरं.

काम झाल्यावर गाडीत चढायची पद्धत बदला. त्या कडेवरून घसरत बसू नका, आधी सीटच्या मधोमध बसा आणि मग पाय आत घ्या, आणि मागच्या खिशातलं किल्ल्यांचं जुडगं बसायच्या आधी काढा.