कर्टिस मेफील्डच्या सोलो अल्बमांचा रीमास्टर केलेला संच घेण्यासारखा आहे का?

तुम्ही विचारलंय की 'मूव्ह ऑन अप' फार आवडलं, तर अमेरिकन सोल गायक कर्टिस मेफील्डचा चार अल्बमांचा संच घ्यावा की स्ट्रीमिंगवर आहे तेवढं पुरे, आणि रीमास्टर केल्याने नेमकं काय बदलतं.

घ्या. फक्त त्यात काय नाही ते आधी बघून घ्या, कारण नाव जरा फसवं आहे.

राइनो या रेकॉर्ड कंपनीने २०१९ मध्ये काढलेल्या या संचाचं नाव 'कीप ऑन कीपिंग ऑन' आणि त्यापुढे लिहिलंय 'स्टुडिओ अल्बम्स १९७०-१९७४'. आत आहेत 'कर्टिस' (१९७०), 'रूट्स' (१९७१), 'बॅक टू द वर्ल्ड' (१९७३) आणि 'स्वीट एक्झॉर्सिस्ट' (१९७४), मिळून २९ गाणी. मग ७२ साल कुठे गेलं? त्या वर्षीचा 'सुपर फ्लाय' हा मेफील्डचा सर्वांत गाजलेला अल्बम, अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला. तो सिनेमाचा साउंडट्रॅक, त्यामुळे या चौकटीत बसत नाही, हे एक वेळ समजू शकतं. पण १९७४ मध्येच आलेला 'गॉट टू फाइंड अ वे' हा तर सरळ सरळ स्टुडिओ अल्बम आहे आणि तोही यात नाही. तेव्हा 'या काळातलं सगळं एका खोक्यात' असं समजून पैसे मोजू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, रीमास्टरचा. गाणं ध्वनिमुद्रित होतं तेव्हा ड्रम, बेस, गिटार, गळा हे वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. कोणाचा आवाज किती ठेवायचा हे मिक्सिंगमध्ये ठरतं. त्यातून दोन चॅनलची टेप तयार होते, आणि त्या टेपवर शेवटचा हात फिरवणं म्हणजे मास्टरिंग. रीमास्टर करणारा माणूस त्या तयार टेपपासून सुरुवात करतो. कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) हळू वाटतोय म्हणून फक्त कोंगा वर आणणं त्याच्या हातात नसतं. खर्ज, मधला भाग, तार भाग यांचा तोल साधणं, टेपचा खरखराट कमी करणं आणि एकूण आवाज किती वर न्यायचा हे ठरवणं, एवढंच त्याच्याकडे असतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण याच टप्प्यावर चांगल्या अल्बमची वाट लागू शकते. नव्वदच्या दशकापासून कितीतरी जुन्या रेकॉर्डिंगच्या सीडी नुसत्या मोठ्या आवाजात वाजाव्यात म्हणून अशा दाबून बसवल्या गेल्या की हळू आणि जोरात यातलं अंतरच उरलं नाही.

मेफील्डच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं, कारण त्याचा गळा. सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं भावनेने ओथंबलेलं गाणं, म्हटलं की लोकांना घसा फोडून गाणारा गायक आठवतो. हा गडी उलटा. सगळं फॉल्सेटोमध्ये, म्हणजे नेहमीच्या गळ्याच्या वरच्या पातळ आवाजात, हलक्या, जवळजवळ बोलल्यासारख्या आवाजात. आपल्याकडे गुरुजींनी 'खोटा आवाज लावू नकोस' म्हणून झापलं असतं. अशा आवाजाला वजन कमी असतं. तो वाद्यांच्या वर स्वार होत नाही, त्यांच्या मधून वाट काढतो. मास्टरिंग करणाऱ्याने तार भाग थोडा जास्त चढवला की त्याचा प्रत्येक 'स' कानात टोचतो, आणि सगळंच दाबून मोठं केलं की गळा बँडखाली गाडला जातो. या संचात मला तो आपल्या जागी ऐकू येतो, आणि माझ्या दृष्टीने हीच परीक्षा.

त्याच्या गिटारबद्दलही सांगायला हवं, कारण तुम्ही पेटी वाजवत असाल तर मजा येईल. हा माणूस शिकागोचा, १९४२ चा जन्म, गिटार स्वतःच शिकलेला. आधी पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवायची सवय होती, म्हणून त्याने गिटारच्या ताराही तशाच लावल्या. एफ शार्प, म्हणजे आपली काळी तीन. काळी तीनचा सा धरला तर त्याच्या सहा तारा सगळ्यात खर्जातल्या तारेपासून वर अशा येतात: सा, ग, प, सा, ग, सा. कुठेही बोट न ठेवता तारा छेडल्या तरी पूर्ण मेजर कॉर्ड वाजते. त्यामुळे त्याच्या हाताखाली जे छोटे छोटे सुटे तुकडे येतात ते नेहमीच्या पद्धतीने तारा लावलेल्या गिटारवर तसे पडत नाहीत. 'द मेकिंग्ज ऑफ यू' हेडफोन लावून ऐका. व्हायोलिनांच्या मागे ते तुकडे सापडतात का बघा.

'कर्टिस' पासूनच सुरुवात करा. 'द इम्प्रेशन्स' या गटात तो दहा-बारा वर्षं होता. साठच्या दशकात काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत गायली गेलेली 'पीपल गेट रेडी', 'कीप ऑन पुशिंग' ही गाणी त्याचीच. १९६७ मध्ये केलेलं 'वी आर अ विनर' काही रेडिओ केंद्रांनी लावायलाच नकार दिला. १९६८ मध्ये त्याने भागीदारासोबत 'कर्टम' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. गाण्यांचे हक्क आपल्या हातात ठेवण्याबद्दल तो पहिल्यापासून पक्का होता, आणि त्या काळात काळ्या संगीतकारांपैकी फार थोड्यांना ते जमलं. १९७० मध्ये गट सोडून त्याने पहिला सोलो अल्बम केला.

त्या अल्बमचं पहिलंच गाणं सुरू होतं ते घरघरणाऱ्या बेसवर आणि बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाबद्दल बोलणाऱ्या एका बाईच्या आवाजावर. मग मेफील्ड घुमणाऱ्या आवाजात गोऱ्या-काळ्या सगळ्यांना एका दमात हाका मारतो आणि किंचाळतो. ज्याला आपण गोड गळ्याचा गायक म्हणून ओळखतो त्याने अशी सुरुवात करावी! विषय असा की खाली नरक असेल तर आपण सगळेच तिकडे निघालोय आणि अध्यक्ष निक्सन म्हणतायत काळजी करू नका. 'वी द पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू' हे माझ्या मते संचातलं सगळ्यात मोठं काम. संथ, शोकासारखं सुरू होतं, मध्ये एकदम तालवाद्यांचा कल्ला उठतो, आणि परत त्याच संथ जागी येऊन बसतं. खराब मास्टरिंगमध्ये तो मधला कल्ला आणि कडेचा संथपणा एकाच पातळीवर ऐकू येतो आणि गाण्याचा जीवच जातो. संचाची प्रत आणि तुमच्याकडे असेल ती जुनी सीडी यांची तुलना करायची असेल तर याच गाण्यावर करा.

तुमचं 'मूव्ह ऑन अप' याच अल्बमवर आहे, पण तुम्ही कदाचित त्याचं छोटं रूप ऐकलं असेल. पूर्ण गाणं पावणेनऊ मिनिटांच्या आसपास आहे. निम्म्याच्या आसपास शब्द संपतात आणि पुढे नुसता बँड धावतो: ड्रम, हेन्री गिब्सनचे कोंगा-बोंगो आणि वर ट्रम्पेटवाले. छोटं रूप ऐकणं म्हणजे भैरवीआधीच मैफिलीतून उठून जाणं. गंमत म्हणजे सिंगल म्हणून ते अमेरिकेत यादीत आलंच नाही. ब्रिटनमध्ये मात्र १९७१ मध्ये बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं.

'रूट्स' जास्त घोटीव आहे. मुखपृष्ठावर तो झाडाच्या मुळांत बसलेला. 'गेट डाउन', 'वी गॉट टू हॅव पीस' आणि ज्यावरून संचाला नाव मिळालं ते 'कीप ऑन कीपिंग ऑन'. पहिल्या अल्बमसारखा धक्का नाही, पण जॉनी पेटची वाद्यरचना अशी की एकेक वाद्य मोजून घ्यावं. हा अल्बम घरात चालू ठेवून दुसरं काम करू नका, वाया जाईल.

'बॅक टू द वर्ल्ड' मधलं 'वर्ल्ड' म्हणजे अमेरिका. व्हिएतनाममध्ये लढणारे सैनिक मायदेशाला तसं म्हणत. परत आलेल्या सैनिकाला घरी काय मिळतं, याबद्दलचं पहिलं गाणं. त्यापेक्षा मला 'राइट ऑन फॉर द डार्कनेस' जवळचं वाटतं, कडवट आणि लांबलचक.

'स्वीट एक्झॉर्सिस्ट' चौघांत उतरता. 'टू बी इन्व्हिजिबल' सुंदर आहे, पण ते त्याच वर्षी त्याने 'क्लॉडिन' सिनेमासाठी लिहून ग्लॅडिस नाइट या गायिकेकडून गाऊन घेतलं होतं आणि तिने ते जास्त चांगलं गायलंय. 'कुंग फू' नावाचं गाणं आहे. १९७४ चं वारं तसं होतं, आणखी काय म्हणणार. एखादा अल्बम कमी करून पैसे वाचवायचे असते तर हाच वगळला असता, पण संच म्हणजे संच.

आता 'सुपर फ्लाय'. तो स्वतंत्र घ्याच. सिनेमा कोकेन विकणाऱ्या माणसाचा, आणि त्याचा रुबाब पडद्यावर दिसत असताना मागे मेफील्डची गाणी त्याच धंद्यावर कोरडे ओढतात. 'फ्रेडीज डेड' सिनेमात फक्त वाद्यांवर वाजतं. त्याचे शब्द अल्बमवरच ऐकायला मिळतात, आणि शब्दांतच तर सगळं आहे. त्यासोबत १९७१ चा 'कर्टिस / लाइव्ह!' मिळाला तर सोडू नका. न्यूयॉर्कच्या 'बिटर एंड' या छोट्याशा क्लबात फक्त पाच जण वाजवतायत. ना व्हायोलिनं, ना ट्रम्पेट. गिटारच्या त्या लावलेल्या तारा तिथे उघड्यावर ऐकू येतात.

सीडी की एलपी? दोन्हींत निघालाय. घरी बरा टर्नटेबल आधीपासून असेल तर एलपी, पण केवळ या संचासाठी टर्नटेबल घेऊ नका. बाहेरून मागवलेल्या चार एलपींवर टपालखर्च आणि कस्टम धरून आकडा कुठल्या कुठे जातो, आणि कडा दुमडलेलं खोकं आलं तर परत पाठवायची कटकट वेगळी. सीडी घेतलीत तर काही गमावत नाही. स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर एक करा: एकाच अल्बमच्या दोन-तीन आवृत्त्या तिथे पडलेल्या असतात, त्यात 'रीमास्टर्ड' लिहिलेली आणि साल दिलेली निवडा आणि अ‍ॅपमधला सगळी गाणी एका पातळीवर आणणारा पर्याय बंद करा. दोन आवृत्त्यांची तुलना करताना मात्र ज्याचा आवाज मोठा आहे तो कमी करून सारखा करून घ्या, नाहीतर जो जोरात वाजतो तोच कानाला चांगला वाटतो.