क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग लघवीतून प्रोटीन कसं?

विसर्जन झालं की आमच्या क्लिनिकमध्ये गर्दी वाढते. मोदकांचा हिशोब तेव्हा लागतो. गेल्या वर्षी त्याच सुमारास सदाशिव पेठेतले एक काका आले. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) वय ६१, मधुमेह अकरा वर्षांचा, सोबत काकू. खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, "मॅडम, सरळ सांगा. डायलिसिस किती लांब आहे?"

लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराचा (अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो कचरा) आकडा ९६ आला होता. तो ३० च्या आत हवा. "पण रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल, उपाशीपोटीची साखर ११८. मग हे आलं कुठून? लॅबचाच घोळ असणार." हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो.

काकांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याची डायरी काढली. हिरवी शाई, छापल्यासारखं अक्षर: ११६, १२१, ११८. अकरा वर्षांची शिस्त होती ती, मला कौतुकच वाटलं. फक्त सगळे आकडे सकाळी साडेसहाचे. जेवणानंतरचा एकही नाही.

एचबीए१सी मात्र ८.६. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तात जितकी साखर जास्त, तितकी ती त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटते. म्हणून हा आकडा एका सकाळचा नसतो, दोन-तीन महिन्यांचा असतो. ८.६ म्हणजे सरासरी साखर २०० च्या घरात. हा आकडा फसवू शकणारा अ‍ॅनिमिया काकांना नव्हता, त्यामुळे आकड्यावर शंका घ्यायलाही जागा नव्हती. सकाळी ११८ आणि सरासरी २००, तर मधल्या वेळात काय चाललंय?

"पाच वाजता चहाबरोबर खारी, रात्री साडेनऊला जेवण, वर दहीभात हवाच," काकू म्हणाल्या. "आणि तपासणीच्या आधी दोन दिवस मुगाचं कढण!" काका खिडकीबाहेर बघू लागले.

क्रिएटिनिनवर आपल्याकडे फार भाबडा विश्वास आहे. मूत्रपिंडाच्या गाळण्या अल्ब्युमिन सहसा सोडत नाहीत. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की त्या सैल पडतात आणि थोडं थोडं गळू लागतं. क्रिएटिनिन फार उशिरा बोलतं. जवळजवळ निम्मी क्षमता गेली तरी ते नॉर्मलच्या चौकटीत बसू शकतं. लघवीच्या साध्या तपासणीतही इतकी बारीक गळती बहुधा निसटते. टाइप २ मधुमेहात ही वेगळी तपासणी निदान झाल्यापासून दर वर्षी व्हायला हवी. काकांची अकरा वर्षांतली ही पहिलीच! याचा मला आजही राग येतो, आणि तो काकांवर नाही.

तरीही एका नमुन्यावर शिक्का मारायचा नसतो. ताप, लघवीचा संसर्ग, दमवणारा व्यायाम, कशानेही आकडा फुगतो. "त्या दिवशी सकाळी काय केलंत?"

"पर्वती. रोजचीच. उतरून तसाच लॅबमध्ये गेलो."

तीन ते सहा महिन्यांतल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तर ते खरं धरतात. पर्वती न चढता दिलेले पुढचे दोन ७१ आणि ६४ आले. म्हणजे थोडा वाटा पायऱ्यांचा, बाकीचा मधुमेहाचाच. ३० ते ३०० हा सुरुवातीचा टप्पा. इथे सापडलं तर वेग रोखता येतो, कित्येकदा आकडा खालीही येतो. डायलिसिस होणारच नाही असं मी लिहून दिलं नाही. काकांनी मागितलं होतं.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. गुडघ्यांसाठी केमिस्टकडून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी, आठवड्याला चार-पाच. साखरेपायी जपलेल्या माणसाच्या हे गावीही नव्हतं की ती मूत्रपिंडाला बाधते. आमच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी ती बंद केली. रक्तदाब १४८/८८ होता, त्यासाठी दाबाबरोबर अल्ब्युमिनची गळतीही कमी करणारी गोळी दिली आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम बघायला सांगितलं. माझं काम त्या मानाने किरकोळ: जेवण आठला आणायचं आणि डायरीत दुसरा रकाना पाडायचा, जेवणानंतर दोन तासांचा. पहिल्याच रात्री तिथे २४१ लिहिलं गेलं. तेही हिरव्या शाईत.

सहा महिन्यांनी एचबीए१सी ७.३ आणि गुणोत्तर ४१. खारी आता रविवारी. पर्वती सुटलेली नाही. फक्त नमुना द्यायच्या दिवशी काका पायथ्याशी थांबतात आणि काकू एकट्या वर जाऊन येतात.